आधी पाण्याचा हिशेब, मग रिसॉर्टला परवानगी



पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे गाड्यांची रांग लागते. वर धुकं, धबधबे, भाजलेली कणसं. पण याच तालुक्यात खडीमलसारख्या गावांत उन्हाळ्यात बायका रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. पाऊस कमी पडतो म्हणून नव्हे! खाली काळा पाषाण, त्यात तीव्र उतार. पाणी मुरण्याआधीच सिपना, गडगा, खापरा या नद्यांतून तापीकडे निघून जातं. मागे उरतं त्यावरच माणसं, गुरं, रानगवे आणि वाघ जगतात. त्यातच आता रिसॉर्टचे पोहण्याचे तलाव वाटेकरी झाले, तर आटणार कोणाची विहीर? ज्याच्याकडे खोल बोअर मारायला पैसा नाही, त्याची.

चिखलदरा ज्या मेळघाटात आहे, तो देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वाघाला शांतता हवी म्हणून बोरी, कोहा, कुंडच्या कोरकू आदिवासींनी गावं सोडली. पुढे अकोटच्या बाजूची धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा उठली. नव्या जागी सोयी नाहीत म्हणून काही कुटुंबं पुन्हा जंगलात शिरली आणि 2019 च्या जानेवारीत वनखात्याशी त्यांची चकमक झाली. ज्या रानात कोरकूच्या गाईला चरायला बंदी, तिथे पर्यटकांच्या जिप्सीला मुभा कोणत्या न्यायाने? 2012 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी पर्यटनाला गाभा क्षेत्राच्या 20 टक्क्यांची मर्यादा घातली. ती कमाल मर्यादा आहे. तेवढं भरलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

पर्यटन बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. सेमाडोह, कोलकास, शहानूरला गाइड आणि जिप्सीचालक म्हणून आदिवासी पोरांना काम मिळतं. ते टिकलंच पाहिजे. पण चिखलदऱ्यातल्या सुमारे 400 मीटरच्या काचेच्या स्कायवॉकचा गाजावाजा करणाऱ्यांनी एवढं सांगावं: त्यामुळे वाढणारी गर्दी पाणी कुठलं पिणार? तिचा कचरा कोणत्या दरीत जाणार?

आमची मागणी साधी आहे. चिखलदऱ्यातलं प्रत्येक हॉटेल रोज किती पाणी उपसतं, ते नगरपरिषदेने फलकावर लिहावं. तालुक्यातल्या गावांचे टँकर थांबेपर्यंत नव्या रिसॉर्टला परवानगी नको. प्रवेशशुल्कातला ठरलेला वाटा पुनर्वसित गावांच्या नळयोजनांना मिळावा. आणि तुम्ही जाल तेव्हा डीजे घरी ठेवा, बाटल्या परत आणा, माकडांना खाऊ घालू नका, मुक्काम कोरकूंच्या घरी करा. या मागण्यांच्या निवेदनावर आजच सही करा.