मॅक्रोने केलेला शब्दबदल आणि संहितेची विश्वसनीयता

जुन्या ग्रंथाची नवी प्रत सिद्ध करताना मूळ लेखनपद्धतीचे काय करावे, हा प्रश्न मराठी संपादकाला नवा नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून तो या ना त्या रूपाने उपस्थित होत आला आहे. नवे आहे ते साधन. संगणकावर मजकूर लिहिण्याच्या आज्ञावलींत ‘शोधा आणि बदला’ अशी सोय असते. तिला मॅक्रोची, म्हणजे एकदा लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या मालिकेची, जोड दिली की एखाद्या लेखकाच्या समग्र वाङ्मयाच्या पन्नास-साठ फायलींतील लेखन चहा थंड होण्यापूर्वी ‘अद्ययावत’ होते. या वेगाचा मोह संपादकांना, प्रबंधलेखकांना आणि प्रकाशकांना पडावा, हे स्वाभाविक आहे. परंतु त्या काही मिनिटांत संहितेत नेमके काय घडते, याचा विचार मराठीच्या अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने केलेला दिसत नाही.

मॅक्रोची कार्यपद्धती साधी असते. संपादक दोन रकान्यांची एक यादी तयार करतो. डावीकडे जुने रूप, उजवीकडे नवे. मॅक्रो ठरवून दिलेल्या कप्प्यातील पहिली फाईल उघडतो, यादीतील प्रत्येक जोडी तिच्यावर चालवतो, फाईल जतन करून मिटतो आणि दुसरीकडे वळतो. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये यासाठी लागणारी व्हिज्युअल बेसिक ही भाषा १९९७ च्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. यात शिकण्यास अवघड असे फारसे काही नाही. अडचण आहे ती यादीच्या डाव्या रकान्यात.

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखनविषयक नियम शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. या नियमांनी व्युत्पत्तीने सिद्ध होणारे, परंतु उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. ‘दांत’ या शब्दाचे ‘दात’ झाले, ‘कांच’ची ‘काच’ झाली, ‘पांच’चे ‘पाच’ झाले. या तीन निरुपद्रवी जोड्या यादीत घालून मॅक्रो चालवावा आणि परिणाम पाहावा. ‘कांचन’चे ‘काचन’ होते, ‘पांचजन्य’चे ‘पाचजन्य’. ही रूपे विद्रूप असल्यामुळे निदान डोळ्यांना खुपतात, मुद्रितशोधक ती पकडतो. परंतु ‘वेदांत’ या शब्दातही ‘दांत’ ही अक्षरे आहेतच, आणि त्याचे ‘वेदात’ होते. ‘वेदात’ हा शुद्ध मराठी शब्द आहे. शुद्धलेखन तपासणारी कोणतीही आज्ञावली त्यावर लाल रेघ ओढणार नाही, आणि घाईने वाचणारा मुद्रितशोधकही ‘शंकराचार्यांनी वेदात सांगितले’ असे काहीसे वाचून पुढे जाईल. तत्त्वज्ञानपर लेखसंग्रहात असा एक बदल झाला, तरी त्या लेखकाच्या प्रतिपादनाचा अर्थच फिरतो.

यावर सामान्यतः उपाय सुचवला जातो तो ‘पूर्ण शब्द जुळला तरच बदला’ हा. इंग्रजीसाठी तो बऱ्याच अंशी पुरेसा ठरतो. मराठीत मात्र प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. पूर्ण शब्दाची अट घातली की ‘दांत’ बदलतो, आणि ‘दांताचा’, ‘दांतांनी’, ‘दांतवण’ तसेच राहतात. अट काढली की ‘वेदांत’ सापडतो. तीच गत ऱ्हस्वदीर्घाची. ‘रवि’चे ‘रवी’ करावे तर नियमानुसार समासात ऱ्हस्व राहिला पाहिजे, तेथे ‘रविकिरण मंडळा’चे ‘रवीकिरण मंडळ’ होऊन बसते.

याहून गंभीर प्रकार सप्तमीचा. जुन्या पद्धतीने ‘घरांत’ हे रूप एकवचनाचेही असे आणि अनेकवचनाचेही. आज एकवचनी ‘घरात’ आणि अनेकवचनी ‘घरांत’ असा भेद केला जातो. हा भेद कोठे करावयाचा, हे वाक्य वाचल्यावाचून ठरत नाही, आणि मॅक्रो वाक्य वाचत नाही. ‘ांत’ ऐवजी ‘ात’ असा सरसकट बदल करणाऱ्याने ‘शांत’, ‘प्रांत’ आणि ‘सिद्धांत’ यांना तर दुखावलेच, शिवाय लेखकाच्या प्रत्येक अनेकवचनी सप्तमीचे एकवचन केले. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचे मूळ नाव ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ असे आहे. वरील मॅक्रो तिला ‘लक्ष्यात’ करील. हे रूप ना हरिभाऊंचे, ना आजचे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन. ‘नांव’ म्हणजे अभिधान आणि ‘नाव’ म्हणजे होडी. नव्या लेखनात या दोन्ही जोड्या एकेका रूपात विलीन होतात. वाचकाचे त्यामुळे फारसे अडत नाही, कारण संदर्भ त्याच्या मदतीला असतो. परंतु दोन रूपे एकात मिसळली की ती पुन्हा वेगळी करता येत नाहीत. ‘ते’ हे रूप हाती असताना मुळात त्यावर अनुस्वार होता की नव्हता, हे कोणताही उलटा मॅक्रो सांगू शकणार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गद्याचा भाषिक अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला अशा फायली मिळाल्या, तर त्याच्या हाती त्या काळाचे गद्य येत नाही. १९७२ नंतरच्या नियमांचे प्रतिबिंब येते आणि त्यालाच तो काळाचा पुरावा समजतो.

खिळे जुळवणाऱ्या कामगाराच्याही चुका होत, असा प्रतिवाद येथे केला जाईल. होत, हे खरे. तथापि त्या चुका विखुरलेल्या असत. एका पानावर चुकलेला शब्द दुसऱ्या पानावर बरोबर असे, आणि या विसंगतीवरूनच चूक उघडकीस येई. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या आदिपर्वाला १९३३ साली सुखठणकरांनी जी विस्तृत प्रस्तावना लिहिली, तिच्यामागील सारी पाठचिकित्सा साक्षींच्या परस्परांतील भेदावर उभी आहे. मॅक्रोची चूक मात्र एकसारखी असते. साठही फायलींत ‘वेदात’ असेल, तर ती चूक न वाटता लेखकाची लकब वाटू लागते. पाठचिकित्सेला ज्या धाग्याने मूळ रूपापर्यंत जाता येते, तो धागाच अशा रीतीने नाहीसा होतो.

याचा अर्थ जुने लेखन नव्या नियमांनी छापूच नये, असा नाही. महामंडळाच्या नियमांनीच या बाबतीत सीमारेषा आखून दिली आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य आणि केशवसुतांपूर्वीचे पद्य यांतील उतारे मुळानुसार छापावेत, त्यानंतरचे लेखन नव्या नियमांनी छापावे, असा तो दंडक आहे. पद्यात वृत्तासाठी ऱ्हस्वदीर्घाची मोकळीकही कवीला दिली आहे. पाठ्यपुस्तकांसाठी ही व्यवस्था सोयीची आहे. संशोधनासाठी ती पुरेशी आहे का, हा वादाचा विषय आहे. पण मॅक्रो चालवणारे बहुसंख्य लोक हा दंडकही पाळू शकत नाहीत. १९२५ साली लिहिलेल्या निबंधात ज्ञानेश्वरीतील ओवी उद्धृत केलेली असते, मोरोपंतांची आर्या असते. निबंधाचे गद्य आणि त्यातील ओवी यांत मॅक्रोला काहीच फरक दिसत नाही. आर्येतील एका ‘कवि’चा ‘कवी’ झाला की मात्रांचा हिशोब बिघडतो आणि दोष मोरोपंतांच्या पदरी पडतो.

हे टाळण्याचा मार्ग संगणकातच आहे, आणि तो फारसा वापरला जात नाही, हे नवल आहे. परिच्छेदांना शैली नेमून देता येते. संपादकाने प्रथम सर्व उद्धृतांना, सर्व पद्याला वेगळी शैली द्यावी आणि बदल केवळ मूळ गद्याच्या शैलीपुरता मर्यादित ठेवावा. वाक्याच्या पोटात आलेली लहान उद्धृते अक्षरशैलीने वेगळी करावी लागतात. हे काम हातानेच करावे लागते. संहिता वाचण्याचे कष्ट तेथे चुकत नाहीत.

काही अडचणी निव्वळ तांत्रिक आहेत, पण त्यांचे परिणाम तांत्रिक नाहीत. यादीतील जोड्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. ‘हीं’चे ‘ही’ करणारी जोडी आधी चालली तर ‘कांहीं’चे ‘कांही’ होते, आणि ‘कांहीं’चे ‘काही’ करणाऱ्या पुढच्या जोडीला काहीच सापडत नाही. वर्डमध्ये मुख्य मजकूर, तळटीपा आणि शीर्षपट्ट्या हे स्वतंत्र विभाग मानले जातात. मुख्य मजकुरापुरता लिहिलेला मॅक्रो तळटीपांना हात लावत नाही, आणि मग वर नवे लेखन व खाली जुने, असे पान तयार होते. फाईल जतन करून मिटली की केलेला बदल मागे घेण्याची सोयही संपते. मूळ फायलींची प्रत बाजूला न ठेवता मॅक्रो चालवणे म्हणजे एकमेव पोथीवरच शाई फिरवणे होय.

युनिकोडपूर्व फाँटांतील जुन्या फायली युनिकोडमध्ये आणण्याचे काम हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवावे की ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील रफार व अर्धा र यांचा भेद ज्या यादीत राहून गेला, तिने स्वयंपाक्याला गुरुपदी बसवले आहे. युनिकोडमध्येसुद्धा ‘ऱ्य’ दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो, आणि २००८ मध्ये ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान मिळण्यापूर्वीचे लेखन ‘अ’वर चंद्र देऊन केलेले असते. डोळ्यांना एकच दिसणारा शब्द शोधाला दोन वाटतो.

बदलांची यादी ही वस्तुतः संपादकीय कृती आहे. पाठभेदांची नोंद जशी आवृत्तीचा भाग असते, तशीच ही यादीही असावयास हवी: जोड्या, त्यांचा क्रम, वगळलेले शब्द, ज्या शैलींवर ती चालवली त्यांची नावे. प्रास्ताविकातील ‘लेखन आधुनिक नियमांनुसार केले आहे’ या एका वाक्याने ती गरज भागत नाही. बदलांची नोंद ठेवण्याची सोय चालू करून मॅक्रो चालवला तर प्रत्येक बदल तपासून स्वीकारता किंवा नाकारता येतो. त्याला दिवस लागतात, परंतु संपादनाला ते नेहमीच लागत आले आहेत. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी संपादनपर प्रबंधांसोबत मूळ बरहुकूम प्रतीची फाईल आणि बदलांची यादी ही दोन्ही मागावयास आरंभ करावा. परीक्षकाने प्रथम यादीचा डावा रकाना वाचावा आणि त्यातील चार-पाच लहान शब्द घेऊन ते संहितेत आणखी कोणत्या मोठ्या शब्दांच्या पोटात येऊ शकतात, ते पाहावे. संपादकाने ‘दांत’ लिहिताना ‘वेदांत’ वगळला होता की नाही, हे तेथेच कळेल.