शून्य कॅरेटची चिठ्ठी

मंडळी, आज जरा आमच्या धंद्यातलं. घाबरू नका, कोड नाही. एक केळीचा ट्रक आहे, एक वही आहे आणि एक शून्य आहे. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला तर हे चटकन कळेल.

विषय बफर ओव्हरफ्लोचा. बफर म्हणजे मेमरीतली ठरावीक मापाची जागा. तिच्यात मापापेक्षा जास्त लिहिलं की पुढचं सगळं शेजारच्या जागेत सांडतं आणि तिथे जे होतं ते खराब होतं. आजार जुनाच आहे. १९८८ साली इंटरनेट ठप्प करणाऱ्या मॉरिस वर्मनेसुद्धा याच भगदाडाचा वापर केला होता. आणि आजही हा बग आला की टीममध्ये कुणीतरी म्हणतोच, "अरे, बफर डबल कर आणि तिकीट बंद कर, रिलीज आहे आज!" मी हे वाक्य रिव्ह्यूमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता राग पण येत नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की हा इलाज नाही. ही फक्त पुढची तारीख आहे.

का, ते एका खऱ्या बगवरून सांगतो.

एका मोठ्या सर्व्हरवर दहा-वीस आभासी मशीन चालवतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. वाड्यात भाडेकरू असतात तसंच. प्रत्येक भाडेकरूला वाटतं आपल्याकडे स्वतंत्र नेटवर्क कार्ड आहे. खरं तर ते आभासी असतं आणि त्याच्या ड्रायव्हरचे दोन भाग असतात. एक भाडेकरूच्या खोलीत, दुसरा घरमालकाकडे. लिनक्समध्ये मालकाकडच्या या भागाला व्हीहोस्ट-नेट म्हणतात. २०१० साली २.६.३४ या कर्नलमध्ये तो आला. भाडेकरू चिठ्ठी देतो, "या पत्त्यावर इतक्या बाइट्सची जागा आहे", आणि मालक त्यानुसार पॅकेट आत-बाहेर करतो.

चालू मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचं असेल, तर हलवताहलवता मेमरीचा कुठला भाग बदलला हे लिहून ठेवावं लागतं. त्यासाठी एक वेगळी वही असते, साधारण हजारभर ओळींची. एरवी ती बंद असते.

आता ट्रक. समजा सावद्याला केळीची गाडी भरतेय. गाडीत १००० कॅरेट मावतात. दिवाणजीच्या वहीत ओळीही तेवढ्याच, आणि प्रत्येक चिठ्ठीला एक ओळ. दिवाणजी म्हणतो, चिठ्ठी म्हणजे निदान एक कॅरेट तरी असणारच. मग गाडी भरायच्या आधी वही कशी भरेल? म्हणून तो फक्त गाडीकडे बघतो, गाडी भरली की "बस" म्हणतो. ओळी मोजतच नाही.

आणि एखादा बेरकी गडी येऊन शून्य कॅरेटच्या दोन हजार चिठ्ठ्या देतो. गाडी रिकामीच, त्यामुळे "बस" कुणी म्हणतच नाही. ओळी मात्र संपतात. दिवाणजी मान खाली घालून लिहितोय, लिहितोय... वही संपली, शेजारच्या पतपेढीचं खातं सुरू झालं, तरी लिहितोय.

व्हीहोस्टमध्ये अगदी हेच होतं. लांबी शून्य असलेली चिठ्ठी जागा घ्यायची नाही, पण नोंद मात्र एकाने वाढायची. ही वही मालकाच्या कर्नलमध्ये, म्हणजे एका भाडेकरूने सांडवलेलं पाणी अख्ख्या वाड्याच्या पायात. टेन्सेन्टच्या ब्लेड टीमने हे शोधलं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते जाहीर झालं (सीव्हीई-२०१९-१४८३५). तब्बल नऊ वर्षं हा बग तिथे होता! आणि दुरुस्ती किती? दोन ठिकाणी एकेक अट. आधी होतं, "वही चालू असेल तर नोंद कर." आता झालं, "वही चालू असेल आणि खरंच काही मिळालं असेल तरच नोंद कर."

बघा, वही जाड केली नाही. दोन हजार ओळींची केली असती तर गड्याने तीन हजार चिठ्ठ्या आणल्या असत्या. चिठ्ठ्या छापायला त्याला पैसे पडत नाहीत. दुरुस्ती झाली ती त्या न लिहिलेल्या गृहीतकाची, की चिठ्ठी म्हणजे निदान एक कॅरेट. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या ई-१००० या आभासी कार्डातही असंच झालं होतं. वजाबाकी करताना आकडा शून्याखाली गेला, आणि ऋण चिन्ह नसलेल्या हिशोबात तो प्रचंड मोठा झाला. तिथेही बफर लहान नव्हता, हिशोब चुकीचा होता.

काही मित्र म्हणतात, "सी सोडा, रस्टमध्ये लिहा, कटकटच नको." मान्य, थोडं. रस्टने शेजारचं खातं खराब होऊ दिलं नसतं. पण हजारावी ओळ ओलांडताच प्रोग्रॅम तिथेच थांबला असता, आणि कर्नलमध्ये थांबणं म्हणजे सगळ्या भाडेकरूंचे दिवे गेले. दरोडा टळला, अंधार झालाच. शून्याचा विचार माणसालाच करावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "प्रॉडक्शन बंद पडलंय, आता तत्त्वज्ञान नको." ठीक आहे, रात्री दोन वाजता बफर वाढवा, मीही वाढवेन. पण तिकीट उघडं ठेवा. तात्पुरत्या ठिगळाला दुरुस्ती म्हणून बंद करू नका, कारण बंद तिकीट परत कुणी वाचत नाही.

हे इतकं तावातावाने का सांगतोय? कारण धुळ्याच्या एखाद्या पतपेढीने किंवा जळगावच्या एखाद्या दवाखान्याने भाड्याने घेतलेलं मशीन कुठल्या वाड्यात आहे आणि शेजारी कोण राहतो, हे त्यांना माहीत नसतं. त्यांनी पासवर्ड कितीही चांगला ठेवला तरी भिंत त्यांच्या हातात नाही. ती भिंत आपल्यासारख्याच कुणीतरी, शुक्रवारी संध्याकाळी, घाईत बांधलेली असते. ठेवीदाराला बफर म्हणजे काय ते कळत नाही आणि कळायची गरजही नाही. ते आपलं काम आहे, त्याचाच पगार घेतो आपण.

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की एवढंच करा. बाहेरून लांबी किंवा संख्या येते अशी एक जागा आपल्या कोडमध्ये शोधा आणि विचारा, इथे शून्य आलं तर? दोन मिनिटांचं काम आहे.