गरोदरपणातली लस ही एकट्या बाईची जबाबदारी नव्हे



गळ बोटात घुसला, पायात खिळा गेला, गंजलेल्या पत्र्याने हात कापला की आपण काय करतो? सरळ इस्पितळात जाऊन टीटीचं इंजेक्शन घेतो. मयेच्या तळ्यात जाळं टाकणारा असो, मांडवीत होडी घालणारा असो की मोरजी-केरीला रापण ओढणारा असो, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. धनुर्वात म्हणजे काय, हे आपल्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

पण त्याच आजारावरचं इंजेक्शन घरातल्या गरोदर सुनेला किंवा बायकोला घ्यायचं असलं, की आपण म्हणतो, "आज बाजार आहे, पुढच्या आठवड्यात बघू." पुढच्या आठवड्यात दुसरं काही तरी निघतं. आज आम्हाला बोलायचंय ते यावरच.

आधी थोडं मागचं बघूया. बाळंतपणं घरी व्हायची तेव्हा नाळ विळीने नाहीतर जुन्या ब्लेडने कापायचे आणि वर राख किंवा शेण लावायचे. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणातच राहतो. बाळ दोन-चार दिवस चांगलं दूध प्यायचं, मग त्याचं तोंड उघडेना व्हायचं, अंग ताठ व्हायचं आणि ते हातचं जायचं. सटीची रात्र जागवायची रीत आपल्याकडे आहे. बाळाचे पहिले सहा-सात दिवस जोखमीचे असतात हे जुन्या माणसांनी सोसून ओळखलं होतं, असं आम्हाला वाटतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. आइसलँडच्या दक्षिणेला वेस्टमन नावाची बेटं आहेत. तिथले लोकही आपल्यासारखेच मासेमारीवर जगणारे. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी तिथे जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून जास्त बाळं याच आजाराने पहिल्या काही दिवसांत दगावायची. १८४७ साली श्लाइसनर नावाचा डॉक्टर तिथे गेला. त्याने बाळंतपणासाठी वेगळं घर उभं केलं, नाळेची नीट काळजी घ्यायला लावली आणि मरणं झपाट्याने कमी झाली. तेव्हा लस नव्हती, नुसत्या स्वच्छतेने एवढा फरक पडला.

लस आल्यावर तर चित्रच बदललं. १९८८ साली जगभरात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बाळं धनुर्वाताने गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. भारतात १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, गरोदर बायकांना टीटी मिळू लागली, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली. २०१५ साली माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतात आटोक्यात आल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. देवी रोगासारखा हा रोग जगातून संपत नाही. जंतू मातीत आहे तो आहेच. आपण इंजेक्शनं सोडली, तर तो परत येणार.

आता ही लस बाळाला कशी उपयोगी पडते ते बघूया. टोचलं आईला जातं. तिच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात आणि ती वारेतून पोटातल्या बाळाकडे जातात. सगळ्यात जास्त जातात ती शेवटच्या तीन महिन्यांत. ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून कळा सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. होडी समुद्रात घालायच्या आधीच बर्फ आणि डिझेल धक्क्यावर भरावं लागतं, तसंच हे. बाळ येताना सोबत जे घेऊन येतं, त्यावरच त्याचे पहिले आठवडे निघतात. जन्माच्या वेळी बाळाला बीसीजी, हिपॅटायटिस बी आणि पोलिओचा डोस मिळतो. पण धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला यांच्यावरची पेंटाव्हॅलंट लस सहाव्या आठवड्यापासूनच सुरू होते. तोपर्यंत या आजारांसमोर बाळाकडे आईने दिलेलं तेवढंच असतं.

सरकारी केंद्रात आता टीटीच्या जागी टीडी देतात. त्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पावरही संरक्षण आहे. लस मोफत आहे. दिवस गेल्याचं कळलं की लवकरात लवकर पहिला डोस घ्यायचा, चार आठवड्यांनी दुसरा. मागच्या गरोदरपणात दोन्ही डोस झाले असतील आणि तीन वर्षं उलटली नसतील, तर एकच बूस्टर लागतो. "मागच्या वेळी घेतलं होतं, आता कशाला?" असं म्हणून सोडू नका, कार्ड दाखवा आणि नर्सबाईंना विचारा. या लसीत जिवंत जंतू नसतो. दंड एक-दोन दिवस दुखतो, कधी थोडी कणकण येते. पोटातल्या बाळाला त्याचा त्रास होत नाही. गोवर-रुबेलासारख्या जिवंत जंतूंच्या लसी गरोदरपणात देत नाहीत, हेही खरं. म्हणूनच ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, डॉक्टरांना विचारा.

डांग्या खोकल्यासाठी टीडॅप नावाची वेगळी लस आहे. ती २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान घेतात. लहान बाळाला डांग्या खोकला झाला, तर कधी कधी खोकला ऐकूसुद्धा येत नाही, बाळ श्वास थांबून निळं पडतं. इंग्लंडमध्ये २०१२ साली या आजाराने डझनभराहून जास्त तान्ही बाळं गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून तिथे गरोदर बायकांना ही लस द्यायला सुरुवात झाली. लस घेतलेल्या आयांच्या बाळांत हा आजार सुमारे ९० टक्क्यांनी कमी दिसला. आपल्याकडे ही लस सरकारच्या मोफत यादीत नाही, पदरचे पैसे घालून घ्यावी लागते. फ्लूचंही तसंच आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्याचं संरक्षण आईच्या लसीतूनच होतं.

आता खरं दुखणं. गोव्यात बाळंतपणं जवळजवळ सगळीच इस्पितळात होतात. डिचोलीत केंद्र आहे, म्हापशाला आझिलो आहे, बांबोळीला गोमेकॉ आहे. म्हणजे लस दूर नाही, आपल्या बायकांना दिवस मोकळा मिळत नाही. बाजारात बसणारी बाई सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत पाटी उचलते. एक दिवस गेला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं, त्या दिवसाची कमाई बुडते. नवरा होडीवर, सासू घरात एकटी. मग तपासणी पुढे ढकलली जाते, आणि दोष मात्र तिलाच लागतो.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे.

घरच्या पुरुषांनी पहिल्या तपासणीपासून तारखा लक्षात ठेवाव्या. जाळं कधी विणायचं, इंजिन कधी खोलायचं हे आपल्याला पाठ असतं. टीडीच्या दोन तारखा पाठ करायला काय जातं? दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी पाटी दुसऱ्या कोणी तरी उचलावी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा तर सबबच नको.

होडी-ट्रॉलरच्या मालकांनी त्या दिवशी खलाशाला मजुरी न कापता सुट्टी द्यावी. आपल्याकडे झारखंड, ओडिशाचे खलाशी काम करतात. कोणाचं कुटुंब इथे भाड्याच्या खोलीत असतं, आणि कुठे जायचं हे त्यांना ठाऊक नसतं. त्यांना केंद्र दाखवून द्या. कार्ड दुसऱ्या राज्यातलं असलं तरी लस मिळते. ज्याच्या घामावर आपली होडी चालते, त्याचं बाळही आपल्याच गावात जन्मतं.

आणि सरकारला आमचं सांगणं आहे की टीडॅप आणि फ्लूची लस गरोदर बायकांना मोफत द्या. गोवा लहान राज्य आहे, इथे हे जमण्यासारखं आहे. मासळी विकून घर चालवणाऱ्या बाईने डांग्या खोकल्याच्या लसीसाठी पैसे मोजायचे की घरात तांदूळ आणायचा, असा प्रश्न तिच्यासमोर येऊच नये.

तुमच्या घरात, शेजारात, होडीवरच्या कोणाच्या घरात बाई गरोदर असेल, तर आजच विचारा, टीडी झाली का? कार्डावर तारीख लिहिलीय का? नसेल, तर या आठवड्यातच घेऊन जा.