उष्ण सागरातील काटकसर

धन तिजोरीत आहे, पण किल्ली हाती नाही, अशी स्थिती समुद्रातील बहुसंख्य जीवांची असते. हवेत ७८ टक्के नत्रवायू आहे आणि तो पाण्यातही विरघळतो. परंतु त्याच्या रेणूतील दोन अणूंचे बंधन इतके घट्ट असते, की ते सोडवून नत्र जीवोपयोगी करण्याचे सामर्थ्य मोजक्या सूक्ष्मजीवांनाच लाभले आहे.

‘ट्रायकोडेस्मियम’ हा नील-हरित जिवाणू त्यांपैकी एक प्रमुख होय. उष्ण कटिबंधातील समुद्रांत तो तंतूंच्या जुडग्यांनी राहतो. त्याच्या तरंगत्या थरांना दर्यावर्दी ‘समुद्राचा भुसा’ म्हणत. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगतही पावसाळ्यापूर्वी, समुद्र शांत आणि पाणी उबदार असताना, असे थर आढळतात. त्याने बांधलेले नत्र पाण्यात उतरते, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि पुढील सारी जीवसृष्टी त्यांच्या आधारे जगते.

या कार्याला लोह लागते. नत्र बांधणारे ‘नायट्रोजिनेज’ हे विकर लोहावाचून घडत नाही. किनाऱ्यापासून दूरच्या समुद्रात मात्र लोह अत्यल्प असते. त्यातील बराच भाग वाळवंटांतील धुळीबरोबर वाऱ्याने येतो. फॉस्फरसही अनेक ठिकाणी अपुराच असतो. त्यात समुद्राचा पृष्ठभाग तापला, की वरचे हलके पाणी खालच्या थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाण्यात सहजी मिसळत नाही. खोल पाण्यातील साठा वर येण्याची वाट अडते.

उष्णता आणि टंचाई एकत्र आल्यावर हा जीव कोलमडेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र निराळे दिसले. लोह पुरेसे असताना त्याला जे तापमान सर्वाधिक मानवते, त्याहून सुमारे ५ अंश सेल्सिअस अधिक तापमान त्याला लोहाच्या टंचाईत मानवले. उबदार पाण्यात विकराचे काम वेगाने होते. त्यामुळे तेवढ्याच लोहात अधिक नत्र बांधले जाते.

तथापि काटकसरीने भांडवल पुरते, वाढत नाही. फॉस्फरस उणा असेल, तर वाचविलेले लोह त्याची जागा घेऊ शकत नाही. शिवाय उष्णता सोसण्यालाही मर्यादा आहे. प्रयोगशाळेतील अभ्यासात याच जीवाची वाढ २० ते ३४ अंशांच्या दरम्यानच झाल्याचे आढळले आहे. पावसाळ्यापूर्वी अरबी समुद्राचा पृष्ठभाग आजच ३० अंशांच्या आसपास तापतो. म्हणजे वरच्या मर्यादेपर्यंतचे अंतर फार नाही.

एका सूक्ष्म जीवाची मितव्ययिता सागराला काही काळ सावरू शकेल. परंतु त्या भरवशावर माणसाने समुद्र तापवीत राहणे, हे मुनिमाच्या काटकसरीवर मालकाने उधळपट्टी करण्यासारखेच ठरेल.