एका तारेवर पाच बटणे



नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पोचवायचा असो, की आळेफाट्याहून माळशेज घाट उतरून कल्याण गाठायचे असो, चालकाचे हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावर हवी. आवाज कमी-जास्त करण्याची बटणे स्टिअरिंगवर आली ती यासाठीच. पण घरातला हौशी मुलगा जुना रेडिओ काढून तिथे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक बसवतो. गाणी, कीर्तने छान वाजतात. बटणे मात्र मुकी होतात. मग चालक वळणावर पडद्याकडे हात नेतो. धोका तिथेच आहे.

ही बटणे बोलती करता येतात. पुष्कळ गाड्यांत पाच-सहा बटणांना मिळून एकच तार असते. मग कोणते बटण दाबले हे कसे कळते? विहिरीवरची मोटर आठवा. पाइपलाइन एक, तिला शेतात लहान-मोठे तीन कॉक. मोटरीजवळच्या गेजचा काटा किती उतरला, यावरून कोणता कॉक उघडला ते ओळखता येते. बटणांचेही तसेच. प्रत्येक बटणामागे वेगळ्या मापाचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा रोधक असतो. बटण बदलले की तारेवरचा दाब बदलतो.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. रेडिओमागचा प्लग काढा. मल्टीमीटर ओहमवर लावून बटणांची तार आणि अर्थ यांमध्ये धरा. एकेक बटण दाबून आकडा वहीत लिहा. ही वही हाच सगळ्या कामाचा पाया.

रास्पबेरी पायला असा कमी-जास्त दाब थेट मोजता येत नाही. म्हणून मध्ये अर्डुइनोसारखा छोटा बोर्ड लागतो. बोर्डाच्या ५ व्होल्टपासून १००० ओहमचा रोधक घालून बटणांची तार मोजणीच्या पिनला जोडा. बटणामागे १००० ओहम असतील तर पिनवर अडीच व्होल्ट येतील. २५० ओहम असतील तर एक व्होल्ट. बोर्ड हेच ० ते १०२३ अशा आकड्यांत वाचतो, म्हणजे अनुक्रमे सुमारे ५१२ आणि २०५. आकडा थोडा हलतो, म्हणून प्रत्येक बटणाला मागेपुढे थोडी मोकळीक ठेवा. अर्डुइनो लिओनार्डो जातीचा बोर्ड संगणकाला कीबोर्डच वाटतो. ‘आवाज वाढव’ ही कळ तोच दाबतो.

आता तीन गोष्टी गाठीला बांधा.

पहिली, स्टिअरिंग उघडू नका. त्यात एअरबॅग असते. तिच्या तारांचे वेष्टन बहुधा पिवळे असते. त्या तारांना मीटरही लावू नका. मीटरच्या किंचित विजेनेही ती फुटू शकते. आपले सारे काम रेडिओमागच्या प्लगवर होते.

दुसरी, इंजिन चालू असता गाडीची वीज १४ व्होल्टवर जाते. ती थेट संगणकाला दिली तर तो जळेल. ५ व्होल्टचा चांगला कन्व्हर्टर आणि फ्यूज घाला.

तिसरी, नव्या काही गाड्यांत बटणाचा निरोप संदेशरूपाने, कॅन नावाच्या जाळ्यावरून जातो. तिथे ही युक्ती चालत नाही. मीटरवर आकडा बदलत नसेल तर थांबा.

हे शिकायला लांब जायला नको. आंबेगावच्या शेजारी, शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तेथे २००२ पासून फॅब लॅब आहे. आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रावरही विज्ञानदिनाच्या सुमारास शाळांच्या प्रयोगांचे प्रदर्शन भरते.

मुलगा किंवा मुलगी असे काही करू पाहत असेल तर रागावू नका. एक मल्टीमीटर आणि वही हाती द्या. मात्र गाडी चालू असताना पडद्यावर चित्रे बघायची नाहीत, हा नियम घरच्या थोरांनीही पाळावा.