गुडघा माझा, शब्दही माझाच

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. नात विचारत होती, "आजोबा, गुडघा दुखतो का?" गुडघा दुखतोच, पण गुडघ्याने टंकायचं नसतं. खरं कारण वेगळं आहे. लाज वाटत होती. आज सांगून टाकतो, म्हणजे मोकळा होईन.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रोवण्याचे दिवस. आमच्या दोन एकराच्या धुऱ्यावर आठ-दहा दिवस उभा राहिलो आणि उजवा गुडघा असा धरला की पायरी उतरताना आई आठवायची. त्याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. हल्ली तो कसलंसं तेल आणि सोबत एक काढा विकतो. (नाव सांगत नाही. त्याचंही नाही आणि तेलाचंही नाही.) बाटली फुकट देऊन गेला. रोवणा संपला, मी घरी पाय पसरून बसलो, रोज तेल चोळलं आणि आठ दिवसांत गुडघा हलका झाला. नवव्या दिवशी गडी मोबाईल घेऊन हजर.

"सर, दोन मिनिटं बोला ना जी. तुमचा शब्द लोक ऐकतात."

बोललो. नाव सांगितलं, शाळा सांगितली, चौतीस वर्षं मास्तरकी केली हे सांगितलं आणि या तेलाने मला गुण आला हेही सांगितलं. मध्येच त्याने थांबवून एक सूचना केली, "सर, मी तुमचा विद्यार्थी आहे हे नका सांगू. लोकांना सेटिंग वाटते." मला तेव्हा हसू आलं. बाटली फुकट मिळाली होती हे सांगायचं तर मला सुचलंही नाही.

पुढच्या वर्षी रोवणा आला आणि गुडघाही आला. तेलाची अर्धी बाटली फडताळात होतीच. चोळलं. काही नाही. पुन्हा विश्रांती घेतली तेव्हा उतरला. म्हणजे पहिल्या वर्षी गुण कशाचा होता ते तुम्हीच ठरवा.

तोवर माझा व्हिडिओ मात्र दूर गेला होता. सिरोंच्याकडच्या एका मुलाचा फोन आला. मुलगा म्हणजे आता पन्नाशीचा आहे, पण आपल्याला तो दुसऱ्या बाकावरचाच दिसतो. त्याच्या आईला साखरेचा आजार. माझ्या बोलण्याच्या आधी आणि नंतर त्या विक्रेत्याने आपलं बोलणं जोडलं होतं : सांधे, शुगर, बीपी, सगळ्यावर हा काढा चालतो. मध्ये मी, पांढरे केस, मागे पुस्तकांचं कपाट. मुलाने काढा मागवला आणि म्हातारीच्या गोळ्या बंद केल्या. दीड महिन्याने पायाची जखम चिघळली, तेव्हा गाडी करून तिला दवाखान्यात न्यावं लागलं. पाय वाचला. माझ्यावर तो रागावला नाही, हे सगळ्यात वाईट. एवढंच म्हणाला, "सर, तुम्ही सांगत होते म्हणून मी पुढे कोणाला विचारलंच नाही."

मी विक्रेत्याला फोन लावला. व्हिडिओ काढून टाक म्हटलं. तो म्हणाला, "सर, तो आता फिरून राहिला, माझ्या हातात नाही. आणि तुम्ही खोटं थोडीच बोलले? तेव्हा बरं वाटत होतं ना?"

वाटत होतं. खोटं बोललो नव्हतो. म्हणूनच हा लेख लिहितो आहे, कारण खोट्या साक्षीबद्दल सगळेच बोलतात. आठवडी बाजारात जडीबुटीवाल्याच्या गर्दीत त्याचाच माणूस उभा राहून "मला फरक पडला" ओरडायचा, हे आमच्या लहानपणी पोरांनाही माहीत होतं. प्रश्न खऱ्या साक्षीचा आहे.

परवा पुतणी आली होती. तिचा बचत गट आहे, हातसडीचा तांदूळ, मध आणि मोहफुलांचे लाडू विकतात. कुठल्याशा प्रशिक्षणात तिला सांगितलं गेलं की ग्राहकांचे व्हिडिओ घ्या, चेहरा दिसला की विश्वास निर्माण होतो आणि विक्री वाढते. विक्री वाढते हे मला मान्य आहे. माझ्यामुळे वाढलीच की! पण विश्वास निर्माण होतो? माझ्या बाबतीत तो चौतीस वर्षांत वर्गात तयार झालेला होता. विक्रेत्याने तो दीड मिनिटात उचलला आणि बाटलीला चिकटवला. सिरोंच्याच्या मुलाने तेलावर विश्वास ठेवलाच नव्हता, त्याने मास्तरवर ठेवला.

आणि चित्रण केव्हा होतं ते पाहा. दुखणं शिगेला असतं तेव्हा आपण औषध घेतो. शिगेला गेलेलं दुखणं बहुतेक वेळा आपोआपही खाली येतं. ते खाली आलं की मोबाईल येतो. पुन्हा वर जातं तेव्हा कोणी येत नाही. ज्याला गुण आला नाही तो तर बाटली फेकून गप्प बसतो, त्याच्या दाराशी कॅमेरा घेऊन कोण जाईल? शंभरातल्या दहांना बरं वाटलं तरी दहा व्हिडिओ होतात, आणि दहा माणसं एकामागून एक बोलली की वाटतं साऱ्या जगाला गुण आला.

आपल्याच जिल्ह्यात याचा उलट धडा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केलं. वाचलेल्या बाळांच्या आयांना कॅमेऱ्यापुढे बसवलं असतं तर कोणाच्याही डोळ्यांत पाणी आलं असतं. पण त्यांनी ३९ गावांत काम केलं आणि जिथे ते केलं नाही अशा ४७ गावांतले बाळमृत्यूही मोजले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. जिथे काही दिलं नाही तिथलीही मोजदाद! तेलवाला हे कधी करेल का?

आता कायद्याचं. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात आहे की शिफारस करणाऱ्याचं मत खरं हवं, पुरेशा अनुभवावर आधारलेलं हवं आणि बऱ्यापैकी सध्याचं हवं. विकणाऱ्याशी काही संबंध असेल तर तोही सांगायला हवा. मी वाचलं आणि गार झालो. माझं मत बदलून वर्ष झालं होतं, आणि संबंध तर लपवायलाच सांगितला होता. मधुमेह बरा करतो अशा जाहिरातीला तर १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. तरी ती फिरते. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने टीव्हीवरच्या हनुमान चालीसा यंत्राच्या जाहिराती २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. तिथेही ओळखीचे चेहरे होते. आणि मंडळी, दाद मागायला गेला होता तो एक शिक्षकच. एक मास्तर कोर्टात गेला आणि दुसरा मोबाईलपुढे बसला. असो.

"म्हणजे कोणी कोणाची वस्तू चांगली म्हणायचीच नाही का, मोठेबाबा?" पुतणीने विचारलं. म्हणावी ना. आपल्या वरोऱ्याचंच घे. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन सुरू केलं, तेव्हा कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी घ्यायला लोक भीत. पुढे १९५० च्या दशकात 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'चे परदेशी तरुण तिथे येऊन राहिले, त्यांनी बांधकाम केलं आणि तिथलंच अन्न खाल्लं. ते बघून वरोऱ्याच्या लोकांची भीती मोडत गेली. हीसुद्धा शिफारसच. पण ती पोरं महिनोन् महिने तिथे जेवत होती, ज्याला शंका असेल त्याने जाऊन बघावं. माझ्या व्हिडिओला सिरोंच्याचा मुलगा काय विचारणार होता? "सर, गुडघा आज कसा आहे?" हे विचारलं असतं तरी व्हिडिओतला मी तेच दीड मिनिट बोललो असतो.

नंतर मी स्वतःच एक व्हिडिओ केला. नातीने धरला मोबाईल. तारीख सांगितली, विक्रेता माझा विद्यार्थी आहे हे सांगितलं, बाटली फुकटची होती, गुडघा पुन्हा दुखतो आहे, आणि साखरेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी बंद करू नका. जिथे जिथे पाठवता आला तिथे पाठवला. पहिला व्हिडिओ मला आजही अनोळखी लोकांकडून येतो. दुसरा एकदाही परत आला नाही.

पुतणीला मी तांदळाबद्दल बोलायला तयार आहे, पण माझ्या अटी तिला सांगितल्या : मी तुझा काका आहे हे पहिल्या वाक्यात येईल, तारीख येईल, आणि ज्या बाईने मागच्या वेळी मधाचा डबा परत केला तिलाही बोलू द्यायचं. ती म्हणाली, "मग घेईल कोण?" मी म्हटलं, मी घेतो, पाच किलो दे. तांदूळ आणून दिला आहे. शिजायला वेळ लागतो आणि खीर मात्र झकास होते. हे दोन्ही व्हिडिओत येणार असं बजावलं आहे, ती अजून विचार करते आहे.

ज्या कुणाकडे माझा तो पुस्तकांच्या कपाटापुढचा व्हिडिओ आला असेल, त्यांनी कृपा करून तो पुढे पाठवू नये. कुणाला पाठवला असेल तर त्यांना एक फोन करावा.