आजीची सुट्टी कुठे आहे?

मागच्या हिवाळ्यात आम्ही घरचे सगळे मुंबईहून गोव्यापर्यंत क्रूझने जाऊन आलो. सर्वांत मोठे बाबा, वय ७६. सर्वांत लहान नात, वय ३. बाबांनी आयुष्यभर मुंबईच्या गोदीत बोटींवर माल चढवला आणि उतरवला. प्रवासी म्हणून बोटीवर पाय ठेवला तो पहिल्यांदाच. वस्तीत काहींनी नाके मुरडली. "हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे" असेही ऐकले. आम्हाला तसे वाटत नाही. कर्ज काढून कोणी जाऊ नये हे बरोबर, आम्ही दोन वर्षे भिशी लावली होती. पण पैसे साठले असतील तर म्हाताऱ्या माणसांना बोटीचा प्रवास एसटी-रेल्वेपेक्षा सोयीचा जातो. कारण साधे आहे: संडास खोलीतच असतो.

हसू नका. आपल्या आया प्रवासात पाणी पीत नाहीत. वाटेत संडास मिळेल की नाही, मिळाला तर आत जाण्यासारखा असेल की नाही, याची खात्री नसते. मग घरी आल्यावर लघवीची जळजळ, चक्कर, बद्धकोष्ठ. आईने या वेळी प्रथमच प्रवासात तहान लागेल तेव्हा पाणी प्यायले.

एवढे चांगले असून चूक आम्हीच केली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे भावंडे आपापल्या जोडीदारांना घेऊन डेकवर गेलो आणि नात आईजवळ ठेवली. "तुला काय, खोलीतच बसायचंय ना?" असे म्हणूनही गेलो. आईने मधुमेहाची गोळी वेळेवर घेतली, पण नाश्ता राहिला. आधी नातीला भरवायचे, मग आपण, ही तिची चाळीस वर्षांची सवय. साखरेच्या काही गोळ्या घेऊन खाणे लांबले की रक्तातली साखर एकदम खाली येते. आम्ही परतलो तेव्हा आई घामाने भिजली होती, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. शुद्धीवर होती म्हणून लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजली. (शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचे नसते, थेट डॉक्टर गाठायचा.) बोटीवरच्या डॉक्टरांनी तपासले, पैसे वेगळे घेतले. बोटीवरचा दवाखाना लहान असतो, मोठे काही झाले तर किनारा गाठेपर्यंत थांबावे लागते, हेही तेव्हाच कळले.

घरात स्वयंपाक आणि नातवंडे, सुट्टीत फक्त नातवंडे. हा बदल म्हणजे विश्रांती नव्हे. आजी-आजोबांना न्यायचे तर पाहुणे म्हणून न्या, नाहीतर त्यांच्या नावावर आपली मजा करू नका. बाकी काळजीच्या गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत.

बोट लागू नये म्हणून मिळणारी गोळी सर्वांना सरसकट देऊ नये. बाबांची प्रोस्टेट वाढलेली आहे. अशा गोळीने लघवी अडकू शकते, म्हणून आमच्या डॉक्टरांनी ती नको सांगितली. आम्ही बोटीच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घेतली, तिथे हेलकावे कमी जाणवतात. मळमळले की बाबा वर येऊन क्षितिजाकडे बघत बसत. दोन वर्षांखालच्या बाळाला तर अशी गोळी स्वतःच्या मनाने कधीच देऊ नका.

आमच्या भाच्याला सिकलसेल आहे. पूर्व विदर्भात आपल्या अनेक घरांत हा आजार आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. गार पाण्यात पोहणे, एसीची थंडी आणि कमी पाणी पिणे, या तिन्हींनी दुखण्याची लहर उठू शकते. पोरगा तलावात उतरण्यासाठी हट्ट धरून बसला. आम्ही बादलीभर कोमट पाण्यावर समजूत काढली, तो रुसला, संध्याकाळी विसरला.

आणि हात. बोटीवर शेकडो माणसे एकाच पळीने वाढून घेतात. उलट्या-जुलाब पसरवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरने नीट मरत नाही. साबण आणि वाहते पाणी, निदान २० सेकंद. कोणाला उलट्या झाल्याच, तर बऱ्या झाल्यावरही दोन दिवस त्याने कोणाच्या ताटात वाढू नये. औषधे चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग खोलीत यायला कधी कधी संध्याकाळ होते.

परतीच्या दिवशी आई चार तास डेकवर बसली. मुरगाव मागे पडताना पाण्याकडे बघत होती, कोणाशी काही बोलली नाही. जेवायची वेळ झाली तेव्हा धाकट्या सुनेने ताट तिथेच नेऊन दिले.

पुन्हा भिशी लावली आहे. या वेळी नातीला कोणी कधी सांभाळायचे त्या पाळ्या आधीच लिहून फ्रीजवर चिकटवल्या. त्या कागदावर जावयांचेही नाव आहे, आईचे नाही.